हिरवे खडे दिसले म्हणून निकेल सल्फेट समजू नका

निकेल प्लेटिंग करणाऱ्यांनो, नव्या विक्रेत्याचं निकेल सल्फेट, म्हणजे मुलाम्याच्या द्रावणाला निकेल पुरवणारा क्षार, टाकीत ओतण्याआधी हे वाचा.

नेहमीच्या ठिकाणी माल संपला होता, म्हणून आम्ही दुसरीकडून मागवला. पिशवीवर ‘निकेल 22 टक्के’ छापलेलं, सोबत लॅबचा दाखला. खडे हिरवेच, पण पाचूसारखी निळसर झाक नव्हती आणि काही खड्यांच्या कडेला पिवळट-तपकिरी थर होता. नवी टाकी याच मालाने भरली. मुलामा काळपट आणि खरखरीत चढला, जरा वाकवला की पापुद्रे सुटायचे. टाकी रात्रभर बंद राहिली की तळाला गंजाच्या रंगाचा गाळ साचायचा. हे निकेलचं काम नाही, लोखंडाचं आहे. मालात हिराकस, म्हणजे लोखंडाचं सल्फेट, मिसळली होती. तीही हिरवी, पाण्यात तशीच विरघळते, आणि निकेलपुढे मातीमोल.

पारख सोपी आहे. हातमोजे घाला, चिमूटभर माल डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा आणि मोकळ्या हवेत थेंबथेंब अमोनिया घाला. चांगल्या मालात आधी फिकट हिरवा साका येतो आणि अमोनिया वाढवला की तो विरघळून द्रावण स्वच्छ निळं होतं. आमच्या पेल्यात वर निळं पाणी आणि खाली मळकट हिरवा चिखल. तो काही केल्या विरघळेना, उलट हवा लागून वरून तपकिरी होत गेला. मोरचूद, म्हणजे तांब्याचं सल्फेट, तेही अमोनियात निळंच होतं, म्हणून नुसत्या निळ्या रंगावर जाऊ नका. अमोनिया न घातलेल्या द्रावणात स्वच्छ लोखंडी खिळा बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर मालात तांबं आहे.

निकेल कमी का, असं विचारल्यावर विक्रेता म्हणाला, ‘मालाने पाणी जास्त धरलंय.’ ही शुद्ध थाप. खड्यात निकेल सल्फेटच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे सहा रेणू असतील तर निकेल 22.3 टक्के असतं, सात रेणू धरले तरी 20.9. लॅबमध्ये आमच्या मालात निघालं 18, आणि वर 4 टक्के लोखंड. पाण्यातून लोखंड कुठून येणार? दाखल्यावरचा बॅच नंबरही पिशवीवरच्या नंबराशी जुळत नव्हता. तो दाखवल्यावर त्याने फोन उचलणंच बंद केलं.

निकेल क्लोराईड घेतानाही टक्केवारी विचारा. सहा रेणू पाण्याच्या क्लोराईडमध्ये ती 24.7 हवी. कुठलाही निकेल क्षार बोटांनी चुरून पाहू नका. त्याची धूळ श्वासातून गेली तर कर्करोगाचा धोका असतो, आणि त्वचेला एकदा ॲलर्जी जडली की ती सहसा जात नाही.

नासलेलं द्रावण गटारात सोडता येत नाही, पाण्यातल्या जीवांना निकेल घातक आहे. त्यामुळे मालाचे पैसे गेलेच, वर विल्हेवाटीचा खर्चही आमच्याच माथी आला.