सर्टिफिकेटच्या नावाखाली ६५ हजार घेतले आणि माझी सहीसुद्धा वापरली

मी नागपूरची. पब्लिक पॉलिसीत एमए केलंय. लहानपण कोराडीच्या वीज केंद्राच्या बाजूला गेलं, गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसायची, आई तेच कपडे परत धुवायची, तेव्हापासून डोक्यात होतं की ही राख किती उडू द्यायची हे कुठेतरी कोणीतरी ठरवत असेल ना, मग त्या ठरवण्यात आपण असलं पाहिजे. म्हणून ही डिग्री घेतली.

पण डिग्री घेऊन बाहेर पडलं की कळतं, पर्यावरणातल्या बहुतेक जाहिरातींत एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंग नाहीतर केमिस्ट्री, बॉटनी मागतात. नागपुरात नीरी ही १९५८ पासूनची पर्यावरण संशोधन संस्था आहे, प्रदूषण मंडळाचं ऑफिस आहे, कोळसा खाणी आहेत, वीज केंद्रं आहेत, एवढं सगळं असून आपल्या डिग्रीला कॉलम नाही असं वर्षभर वाटत राहिलं, घरी बाबा काही बोलायचे नाहीत पण रोज संध्याकाळी विचारायचे काही आलं का म्हणून.

अशात लिंक्डइनवर मेसेज आला. धरमपेठेत ऑफिस, काचेचं दार, भिंतीवर वाघाचे फोटो. तिथले सर म्हणाले तुमचीच डिग्री आम्हाला पाहिजे, इंजिनिअर खूप मिळतात, पॉलिसी समजणारं कोणी मिळत नाही. वर्षभरात मला हे कोणीच म्हटलं नव्हतं, त्यामुळे ऐकूनच भरून आलं. मग म्हणाले आधी ईआयए, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा अभ्यास, त्याच्या कोऑर्डिनेटरचं नॅबेट सर्टिफिकेट काढून देतो, १५ हजार डिपॉझिट, ५० हजार सर्टिफिकेशनचे, तीन महिन्यांत ४० हजार पगाराची पोस्ट. बाबांनी एफडी मोडली. मी यूपीआयने दोन वेळा पैसे पाठवले.

ट्रेनिंग म्हणजे व्हॉट्सअॅपवर पीडीएफ. एकदा ऑफिसला बोलावून डिग्रीच्या सेल्फ अटेस्टेड झेरॉक्स घेतल्या आणि तीन कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या, अटेंडन्सचा फॉरमॅट नंतर प्रिंट करतो म्हणाले. मी सही केली. पैशांपेक्षा या सह्यांचं मला जास्त वाईट वाटतं.

नंतर फोन उचलणं कमी झालं, सर्टिफिकेट दिल्लीत अडकलंय, पुढच्या आठवड्यात येईल, असं चार महिने. मी पैसे बुडाले असंच धरून चालले होते. आणि एक दिवस अनोळखी नंबरवरून फोन आला, एक शेतकरी दादा बोलत होते, जिल्ह्यातल्याच एका गावातले. त्यांच्याकडे कोळसा धुण्याच्या प्रकल्पाची जनसुनावणी लागली होती. म्हणाले, "ताई, तुमी आमच्या गावाले कधी आल्या होत्या? रिपोर्टात तुमचं नाव हाये, नंबर हाये, आमाले तं कोनीच काही इचारलं नाही."

सुनावणीच्या आधी ड्राफ्ट रिपोर्ट लोकांना बघायला ठेवावा लागतो, किमान ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, २००६ च्या ईआयए नोटिफिकेशनमध्ये आहे ते. मी मंडळाच्या वेबसाइटवरून रिपोर्ट काढला. सामाजिक-आर्थिक सर्वेच्या अॅनेक्सरमध्ये माझं नाव, माझी डिग्री, माझी सही. प्रकल्पापासून १० किलोमीटरच्या आतली गावं, इतकी कुटुंबं भेटली, बहुतेकांना रोजगाराची अपेक्षा आहे, विरोध नाही. मी त्या गावांच्या रस्त्यानेसुद्धा कधी गेले नाही. रात्रभर झोप नाही लागली, कारण त्या घरांच्या वतीने मी सही केलीय असं तिथे लिहिलंय.

आता जे मला आधी कळायला पाहिजे होतं ते लिहिते. नॅबेट हे क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाचं बोर्ड आहे आणि ते मान्यता कन्सल्टंट संस्थेला देतं, त्या संस्थेच्या अर्जातच कोण कोऑर्डिनेटर, कोण कोणत्या फंक्शनल एरियाचा, म्हणजे हवा, पाणी अशा विषयाचा, एक्स्पर्ट हे तपासून मंजूर होतं. कोणी ५० हजार घेऊन एकट्या माणसाला ते काढून देतो म्हणाला की उठून यायचं. मान्यता असलेल्या संस्थांची यादी त्यांच्या वेबसाइटवर असते, मी शोधलं तर हे ऑफिस त्यात नव्हतंच, दुसऱ्यासाठी सर्वे करून देणारे होते ते. आणि हो, १२ फंक्शनल एरियांत सोशिओ-इकॉनॉमिक्स आहे, २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सोशल इम्पॅक्ट असेसमेंट, म्हणजे लोकांवर काय परिणाम होईल त्याचा अभ्यास आहे, म्हणजे आपल्यासारख्यांचं काम खरंच आहे, हे लोक त्याच खऱ्या कामाचं नाव सांगून फसवतात म्हणून पटतं. कोऱ्या कागदावर सही नाही, डिग्रीच्या झेरॉक्सवर कशासाठी दिली ते आणि तारीख आडवी लिहायची, आणि कुठे काम केलं असेल तर आपलं नाव कोणत्या रिपोर्टात गेलं ते परिवेश या पर्यावरण मंजुरीच्या सरकारी पोर्टलवर जाऊन बघायचं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला पण उशीर झाला होता, पैसे तेव्हाच दुसरीकडे गेले होते. पोलिसात फसवणूक आणि खोट्या कागदपत्रांची तक्रार दिलीय. २००६ च्या त्याच ईआयए नोटिफिकेशनच्या ८ नंबरच्या परिच्छेदात आहे की जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर अर्ज फेटाळता येतो, दिलेली मंजुरीही रद्द होऊ शकते, ते लिहून मी मंडळाला आणि कलेक्टर ऑफिसला पत्र दिलं, हा सर्वे मी केलेला नाही म्हणून.

सुनावणीच्या दिवशी बसने गेले. मंडपात खूप गर्दी होती. ते दादा शेवटी उभे होते, त्यांनी मला माईकपर्यंत नेलं, मी एवढंच बोलले की यात जी सही आहे ती माझी आहे, पण मी या गावात आज पहिल्यांदा आलेय. अधिकाऱ्यांनी ते इतिवृत्तात लिहून घेतलं आणि मी ते वाचून बघितलं. नंतर दादांच्या घरी जेवले, त्यांच्या आईने विहिरीचं पाणी दाखवलं, तूर कुठवर लावतात ते दाखवलं, मी वहीत सगळं उतरवून घेतलं.