चव घरची, पण आंबट सार अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात

सासूबाई नणंदेकडे गेल्यापासून बाबांसाठी, म्हणजे सासऱ्यांसाठी, पौड रोडजवळच्या एका काकूंकडून दुपारचा डबा लावलाय. पोळ्या मऊसूत, भाजीत तेल बेताचं, सांगितलं की मीठही कमी घालतात. सव्वाबारा म्हणजे सव्वाबारालाच डबा दारात. जेवणाबद्दल माझी अक्षराचीही तक्रार नाही.

तक्रार आहे ती डब्याची. आमसुलाचं सार उकळतं असतानाच अ‍ॅल्युमिनियमच्या त्या पातळ डब्यात ओततात आणि बाबा जेवायला बसेपर्यंत ते त्यातच असतं. एकदा उरलेलं सार मी स्टीलच्या वाटीत काठोकाठ ओतलं, वर घरातलाच फॉइलचा तुकडा दाबला आणि फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी बघते तर जिथे सार टेकलं होतं तिथे फॉइलला टाचणीने टोचल्यासारखी भोकं, आणि सारावर करडे ठिपके! स्टील आणि अ‍ॅल्युमिनियमच्या मध्ये आंबट-खारट पाणी आलं की अ‍ॅल्युमिनियम असं भराभर झिजतं. नुसत्या डब्यात एवढं डोळ्यांना दिसत नाही, पण गरम, आंबट, खारट पदार्थात ते थोडं थोडं उतरतंच.

धडधाकट माणसाची किडनी ते बाहेर टाकते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००८ साली आठवड्याची मर्यादा दर किलो वजनामागे १ मिलिग्रॅम ठरवली. एखाद्या दिवशीच्या साराने कुणाला काही होत नाही. पण बाबांची किडनी कमजोर आहे. अशा माणसाच्या अंगात अ‍ॅल्युमिनियम साचण्याचा धोका जास्त, आणि फार साचलं तर हाडांना, मेंदूला त्रास होतो. त्यांना रोजच्या रोज त्या डब्यातलं सार द्यायला माझं मन धजेना.

काकूंना फोटो दाखवला. "अगं, सगळीकडे हेच डबे वापरतात," म्हणाल्या, पण ऐकून घेतलं. आता आमचे दोन स्टीलचे कडीचे डबे फिरतात, एक येतो, एक जातो. सार त्यातच येतं, आणि काकूंनी त्याचे जास्तीचे पैसे लावले नाहीत, हे मुद्दाम सांगते.

पोळ्या अजून फॉइलमध्येच येतात. कोरड्या असतात, त्यामुळे त्याला माझी हरकत नाही. पण लिंबू पिळलेली कोशिंबीरही फॉइलच्याच वाटीत येते. तीनदा सांगून झालंय. ती वाटी बदलेपर्यंत पाचातले चारच तारे.