स्मृतिचित्रे: बरेच महिने मोठ्याने वाचल्यानंतरचा अनुभव

आतापर्यंत वाचलेलं सगळ्यात भारी पुस्तक कुठलं असं कुणी विचारलं की दहातले सात जण कर्णावरच्या कादंबरीचं नाव घेतात, घेऊ देत, माझं उत्तर लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, स्मृतिचित्रे. आणि हे एकदा वाचून नाही, चांगलं वापरून सांगतेय. झालं असं की गणपतीनंतर आईंचं (म्हणजे सासूबाईंचं) मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, टीव्ही थोडे दिवस बंद, त्यामुळे संध्याकाळची सिरियलची वेळ रिकामी आणि त्या नुसत्या पंख्याकडे बघत बसलेल्या. म्हटलं वाचून दाखवते काहीतरी. डोळा कधीच बरा झाला, सिरियल पण सुरू झाल्या, पण वाचन काही थांबलेलं नाही, आता होळी आली तरी दुसरी फेरी चालू आहे.

पुस्तकाचा पहिला भाग १९३४ साली आला, म्हणजे नव्वद वर्षं होऊन गेली. सुरुवातच वडिलांच्या सोवळ्यापासून. १८५७च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना इंग्रजांनी फाशी दिली, त्याचा जावयाने, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी, असा धसका घेतला की डोक्यात सोवळं शिरलं ते शिरलंच, बाजारातून काहीही आलं की धुवायचं, मीठ आणि साखरसुद्धा! मी हे वाचलं आणि आई म्हणाल्या, "अगं मग उरलं काय?" आणि इतक्या हसल्या की मलाच भीती वाटली, टाके होते ना डोळ्याला. पण दोन मिनिटांनी त्याच म्हणाल्या, "बायकोचे काय हाल झाले असतील गं." हे या पुस्तकात सारखं होतं. बाई रडगाणं गात नाही, गंमत सांगून पुढे निघून जाते, आणि त्यातला त्रास आपल्याला नंतर कळतो.

मनात वाचताना हे निसटतं, हा माझा मुख्य मुद्दा आहे. कॉलेजात असताना मी हे पुस्तक दोन रात्रीत संपवलं होतं, आवडलंही होतं, पण मोठ्याने वाचायला लागल्यावर कळलं की हे बोललेलंच आहे सगळं. छोटी छोटी वाक्यं, कुठे अलंकार नाही, जड शब्द नाही, वाचताना जीभ कुठेच अडकत नाही. शाळा नाही, लिहायला-वाचायला शिकली ती लग्नानंतर, आणि याच बाईने पुढे नवऱ्याचं अर्धवट राहिलेलं ख्रिस्तायन हे महाकाव्य पुरं केलं, आहे की नाही कमाल!

नवरा म्हणजे कवी ना. वा. टिळक (आईंना आधी दोन दिवस लोकमान्यच वाटत होते, मग मी नीट सांगितलं). लग्न झालं तेव्हा ही अकरा वर्षांची. टिळक माणूस विद्वान, मनाने मोठा, पण संसाराला शून्य, हातात पैसा टिकत नाही, कधी उठून कुठे निघून जातील नेम नाही. आमच्याकडे रोज पुस्तक उघडलं की आईंचा ठरलेला प्रश्न, "आज काय केलं मेल्याने?" आणि मजा म्हणजे लक्ष्मीबाई त्यांच्यावर चिडते, टोमणे मारते, पण त्यांना लहान करत नाही कुठेही. हे लिहायला किती अवघड असेल याचा विचार करा, मी तर नवरा दूध आणायला विसरला तरी आठवडाभर ऐकवते.

१८९५ला टिळक ख्रिस्ती झाले आणि ही लहान मुलाला घेऊन मागे राहिली, बहिणीच्या आधाराने पंढरपुरात वगैरे. हा भाग मात्र मी थांबत थांबत वाचला. पुढे ती नवऱ्याकडे गेली तरी आधी तिचं सोवळं वेगळं, पाणी वेगळं, आणि मग ते हळूहळू सुटत जातं, शेवटी १९००मध्ये तिने स्वतः बाप्तिस्मा घेतला. आमच्या आई अजून नैवेद्य सोवळ्यात करतात. पहिल्या फेरीत त्यांचं मत होतं, "मी नसते गेले." दुसऱ्या फेरीत म्हणाल्या, "गेले असते बहुतेक, पण पाणी वेगळंच ठेवलं असतं." यावर आमचा अर्धा तास वाद झाला, त्या दिवशी एक पानही पुढे गेलं नाही.

आता तक्रारी. शेवटचा भाग तिच्या मुलाने पुरा केलाय, कारण १९३६ला ती गेली, आणि तिथे फरक लगेच जाणवतो, माहिती आहे पण ती बाई नाही. सालं ती फारशी देत नाही त्यामुळे हे नक्की कधीचं ते कळायला मागची पानं चाळावी लागतात. नातेवाईक तर इतके की मी शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने कोण कुणाचं ते लिहून ठेवलंय. आणि माझ्या कॉपीचं बाइंडिंग मधोमध सुटलं, रोजचा वापर म्हटल्यावर होणारच, कोपऱ्यावरच्या बाइंडरकडून शिवून घेतलं.

घेणार असाल तर पूर्ण आवृत्ती घ्या, संक्षिप्त पण मिळते पण त्यात नेमक्या आडवळणाच्या गमती जातात आणि त्याच तर हव्यात. विजया मेहतांची टेलिफिल्म आहे, सुहास जोशी आहेत त्यात, चांगली आहे, पण ती नंतर बघा. प्लॉट, सस्पेन्स लागणाऱ्यांनी वाटेला जाऊ नका. घरी वाचताना समोर कुणी मोबाईलमध्ये डोकं घालून बसलं असेल तर बसू दे, आमचे चिरंजीव तसेच बसायचे, आता मान वर न करता विचारतात, "मग टिळक आले का परत?"