चौदा महिने आईस मेकर वापरल्यावर: वास पाण्याचा नव्हताच

फ्रीजबद्दल बाकी सगळं सगळ्यांनी लिहिलंय, ते पुन्हा उगाळत नाही. गार करतो, आवाज करत नाही, पुरे. मी लिहितेय ते फक्त बर्फाबद्दल, कारण आईस मेकर हवा म्हणून हट्टाने महागातलं मॉडेल घेतलं आणि नवव्या महिन्यात सासूबाईंनी एक घोट घेऊन पेला परत ठेवला. "याला ओल्या फडक्याचा वास येतोय गं." मी खडा तोंडात धरला. आधी काहीच नाही, मग वितळायला लागल्यावर मागून कांदा.

सेवा केंद्राला फोन केला. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर आलं, "मॅडम, फिल्टर बदला." बर्फाचं पाणी गाळणाऱ्या या फिल्टरचा दिवा तीन महिने लाल होता, कबूल. पण तो दिवा पाणी तपासत नाही, सहा महिने भरले की पेटतो, एवढंच त्याचं काम. घरात माणसं तीन, म्हणून मी काणाडोळा करत होते. शेवटी मनावर दगड ठेवून नवा आणला. पहिलं दहा-बारा लिटर पाणी सोडून द्यायचं असतं, फिल्टरमधल्या कोळशाची बारीक पूड येते त्यात. ते बादलीत धरून फरशी पुसली. पहिल्या तीन खेपांचा बर्फही टाकला. आठवडाभर बरं चाललं आणि मग कांदा हजर.

दुसऱ्या फोनवर सांगितलं की आईस मेकरचा अख्खा भागच बदलावा लागेल. तोही वॉरंटीबाहेर! इथे माझं डोकं फिरलं आणि मी स्वतःच शोध लावायला बसले.

फिल्टरचं पाणी आधी नुसतं पिऊन बघितलं. वास नाही. मग तेच पाणी दोन डब्यांत ओतून फ्रीजरमध्ये ठेवलं, एकाला घट्ट झाकण, दुसरा उघडा. चार दिवसांनी झाकणातला बर्फ निर्मळ, उघड्यातला फडक्यासारखा. (पाण्यालाच क्लोरीनचा वास असता तर फिल्टर दोषी धरला असता. पहिल्या महिन्यात बर्फाला प्लॅस्टिकची चव होती, ती नव्या नळीची, आपोआप गेली.)

म्हणजे वास हवेतून येतो. आमच्या फ्रीजमध्ये खालच्या आणि वरच्या कप्प्याला थंड हवा एकाच ठिकाणाहून येते, पंखा ती फिरवत राहतो. खाली अर्धा चिरलेला कांदा उघडा ठेवला की त्याची बातमी वर बर्फापर्यंत पोचते. आणि बर्फाचा डबा वरून सताड उघडा! खडे वरून पडायचे असतात, हे मलाही कळतं. पण खडे पडताना उघडेल आणि एरवी बंद राहील असं एक सरकतं झाकण द्यायला काय झालं होतं? दारावर स्क्रीन आहे, आवाजाने चालणारे दिवे आहेत, झाकण नाही. याच एका गोष्टीसाठी मी तेव्हा दोन तारे दिले होते.

मग आईस मेकरची तार वर करून तो बंद केला, डबा काढला आणि आधी तासभर बाहेर ठेवला. गोठलेल्या प्लॅस्टिकवर एकदम गरम पाणी ओतलं तर तडा जातो. कोमट पाणी, खायचा सोडा आणि जुना टूथब्रश. बर्फ ढकलणारा जो पिळाचा दांडा असतो, त्याच्या खाचांतून करडी बुळबुळीत मळी निघाली. ती बघून आधीचे महिने मी काय प्यायले ते आठवायचं टाळलं. डबा रात्रभर वाळवला, ओला बसवला तर खडे तळाला चिकटतात. कांदा आता बरणीत जातो. फ्रीजरमधली उघडी पाकिटंही बंद डब्यांत गेली.

याला पाच महिने झाले, आईस मेकरचा भाग बदललेला नाही. आता साडेतीन तारे देते. मध्ये थंडीत बर्फ कमी लागायचा, खडे पडून राहून गोलसर झाले, एकमेकांना चिकटले आणि तोच वास पुन्हा डोकावला. तेव्हापासून दोन आठवड्यांपेक्षा जुना बर्फ टाकते. टाकते म्हणजे वितळवून कुंड्यांना घालते.

सासूबाई अजूनही पेला आधी नाकाशी नेतात.