बारकोड की दुसरी परिचारिका : अतिदक्षता विभागातील औषध-तपासणी

डॉक्टरांनी लिहिलेल्या औषधातील चूक फार्मसीत किंवा परिचारिकेच्या नजरेला सापडू शकते. परंतु खाटेजवळ सिरिंज भरताना झालेली चूक अडवायला पुढे कोणीच उरत नाही. म्हणूनच बारकोड यंत्रणा घ्यावी की दोन परिचारिकांची तपासणी सक्तीची करावी, याचा निर्णय रुग्णालयाने विचारपूर्वक घ्यायला हवा.

बारकोडच्या बाजूने भक्कम पुरावा आहे. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयातील, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात औषध देतानाच्या, वेळेशी संबंधित नसलेल्या चुका ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्या. मात्र स्कॅनर रुग्णाची मनगटपट्टी आणि औषध संगणकातील ऑर्डरशी ताडून पाहतो. ट्रीटमेंट शीट, म्हणजे रुग्णाच्या औषधांचा तक्ता, हातानेच लिहिली जात असेल, तर ताडायला काही नसतेच. भारतात १ ऑगस्ट २०२३ पासून औषधांच्या ३०० ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक झाला, पण लेबलवर जागा नसल्यास तो बाहेरच्या वेष्टनावर चालतो. म्हणजे सुट्या अँप्युलला (इंजेक्शनच्या छोट्या कुपीला) फार्मसीनेच लेबल लावावे लागेल, आणि तेवढे मनुष्यबळ हिशेबात धरले पाहिजे.

अतिदक्षता विभागाची खरी जोखीम इन्फ्युजनमध्ये, म्हणजे पंपाने शिरेतून सतत दिल्या जाणाऱ्या औषधात असते. रक्तदाब वाढवणारे नॉरअॅड्रेनलिन चार मिलिग्रॅम घेऊन ५० मिलिलिटरमध्ये मिसळले, तर ६० किलोच्या रुग्णाला दर मिनिटाला किलोमागे ०.१ मायक्रोग्रॅम देण्यासाठी पंपाचा वेग ताशी ४.५ मिलिलिटर ठेवावा लागतो. घाईत ४५ टाकले गेले, तर मात्रा दहापट होते, आणि पंप बारकोड यंत्रणेला जोडलेला नसेल तर स्कॅनरला त्याचा पत्ताही लागत नाही. ही चूक दुसरी परिचारिका पकडू शकते. अट एवढीच, की तिने हिशेब स्वतः, पहिलीचे उत्तर न ऐकता करावा. “बघ गं, साडेचारच ना?” असे विचारून घेतलेली सही ही तपासणी नव्हे. रात्रपाळीत दुसरी परिचारिका स्वतःच्या रुग्णाचे सक्शन करत (श्वासमार्गातील स्राव काढत) असते, त्यामुळे प्रत्येक गोळीसाठी तिला बोलावण्याचा नियम चार दिवसांत कागदावरच उरतो.

कागदी शीटवर चालणाऱ्या दहा-बारा खाटांच्या विभागाने, माझ्या मते, आधी प्रत्येक इन्फ्युजनची तीव्रता ठरवून टाकावी आणि दुहेरी तपासणी इन्सुलिन, हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे औषध), तीव्र पोटॅशियम, ओपिऑइड (मॉर्फिनसारखी वेदनाशामके) आणि रक्तदाब वाढवणारी औषधे एवढ्यांपुरतीच सक्तीची करावी. ऑर्डर संगणकावर आलेल्या रुग्णालयाने बारकोड अवश्य घ्यावा, पण सिरिंज पंप त्याला जोडता येतील का, हे विक्रेत्याला आधी विचारावे आणि ते जोडले जाईपर्यंत या औषधांची दुहेरी तपासणी बंद करू नये.