जुन्या गाडीचे हेडलाइट : घासून उजळावेत की बदलून टाकावेत?

दहा-बारा वर्षे उन्हातान्हात उभ्या राहिलेल्या गाडीच्या हेडलाइटची काच हळूहळू पिवळी पडते, मग धुरकट होते, आणि डिपरचा उजेड रात्री पुरेनासा झाला की मालकापुढे प्रश्न उभा राहतो : हीच काच घासून उजळावी, की अख्खा लॅम्प बदलावा? माझ्या मते या निर्णयाची सुरुवात खर्चाच्या हिशोबाने करू नये. दोष काचेच्या बाहेरच्या अंगाला आहे, आत आहे, की काचेत नाहीच, हे आधी पाहावे. तेवढे कळले की बहुतेक वेळा निवड आपोआप ठरते.

आपण काच म्हणतो खरे, पण १९८० च्या दशकापासून तिची जागा हळूहळू पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकने घेतली. ते हलके असते आणि खडा उडाला तरी सहसा फुटत नाही. मात्र त्यावर चरे लवकर पडतात आणि उन्हातील अतिनील किरणांनी ते पिवळे पडते. म्हणून कारखान्यात त्यावर कडक, पारदर्शक लेप चढवलेला असतो. अवघ्या काही मायक्रॉन जाडीचा हा लेप ऊन आणि धूळ यांनी झिजतो, ठिकठिकाणी सुटतो, आणि मग खालचे प्लास्टिक उघडे पडून झपाट्याने खराब होऊ लागते.

दोष कुठे आहे हे ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. हेडलाइट धुऊन पूर्ण कोरडा करावा आणि मग त्यावरून चांगले ओले फडके फिरवावे. ओली असेपर्यंत काच स्वच्छ दिसली आणि वाळताना पुन्हा धुरकट होत गेली, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागाच्या खरबरीतपणात आहे. बारीक चऱ्यांत पाणी भरल्यामुळे प्रकाश विखुरत नाही, म्हणून ती तात्पुरती उजळते. ओलेपणीही धुरकटपणा तसाच राहिला, तर बल्ब काढून मागच्या तोंडातून बॅटरीच्या उजेडात आत पाहावे. काचेला आतून चढलेला थर, काचेच्या जाडीत पसरलेल्या बारीक भेगा, किंवा रिफ्लेक्टरची, म्हणजे बल्बमागच्या आरशासारख्या वाटीची, उडालेली चकाकी यांपैकी काहीही दिसले, तर बाहेरून कितीही घासले तरी उपयोग नाही. रिफ्लेक्टरवर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो. तो फडक्याने पुसायला गेले तरी निघून येतो, त्यामुळे त्याला पॉलिश करण्याचा विचारही करू नये.

बाहेरचाच दोष असेल, तर घासून उजळण्याचे काम घरीही नीट होते, फक्त घाई करता येत नाही. भोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर लावावेत, ८०० नंबरच्या वॉटर पेपरने सुरुवात करावी आणि पाणी सतत मारत राहावे. पहिल्या काही मिनिटांत खाली ओघळणारे पाणी पिवळट असते. तो उरलासुरला जुना लेप असतो. पाणी दुधासारखे पांढरे येऊ लागले की कागद शुद्ध प्लास्टिकपर्यंत पोचला असे समजावे. या टप्प्यावर काच एकसारखी पांढरी, आधीपेक्षाही वाईट दिसते आणि नवखा माणूस घाबरून थांबतो. थांबू नये. जुन्या लेपाचे तुकडे मध्येच राहिले, तर शेवटी त्यांची बेटे दिसतात. पुढे १५०० आणि २००० नंबरचा कागद, दर वेळी आधीच्या रेषांना आडवा हात ठेवून, आणि त्यानंतर कंपाउंड (बारीक घासणारी पेस्ट) लावून बफिंग, म्हणजे मऊ पॅडने चमकवणे, असा क्रम असतो.

इतके झाले की काच नव्यासारखी चमकते, आणि नेमकी इथेच बहुतेकांची फसगत होते. मी पहिल्यांदा माझ्या गाडीचे हेडलाइट उजळले तेव्हा ती चमक पाहून काम संपले असे समजलो. एक उन्हाळा गेला आणि दोन्ही काचा पुन्हा पिवळ्या झाल्या. घासताना आपण कारखान्याचा लेप पूर्ण काढून टाकलेला असतो, म्हणून त्याच्या जागी अतिनील किरण अडवणारा नवा लेप चढवणे हा या कामाचा अर्धा भाग आहे. दोन घटक मिसळून मारायचा क्लिअर कोट सर्वांत टिकाऊ ठरतो, परंतु त्याची वाफ फुफ्फुसांना घातक असल्याने तो योग्य मास्क असलेल्या रंगकाम करणाऱ्याकडूनच मारून घ्यावा. फडक्याने लावायचे तयार लेप सोपे असतात आणि तुलनेने लवकर संपतात. टूथपेस्टने घासण्याचा उपाय काही आठवडे बरा दिसतो, कारण तिच्यात घासणारी पूड असते, संरक्षण काहीच नसते. रसायनाची वाफ सोडून क्षणात काच पारदर्शक करणारी पद्धतही चालते. पण ती द्रावके आरोग्याला घातक असतात आणि पॉलिकार्बोनेटमध्ये भेगा पाडू शकतात, त्यामुळे मी तिच्या बाजूने नाही.

आता उजेडाची तुलना. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१८ मध्ये जुन्या हेडलाइटची चाचणी घेतली, तेव्हा खराब झालेल्या काचेतून डिपरवर नव्याच्या सुमारे २२ टक्केच प्रकाश मिळत होता. घासून उजळल्यावर तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत आला. इतर उत्पादकांच्या नव्या लॅम्पने ८३ ते ९० टक्के दिला, तर कंपनीच्या मूळ लॅम्पने पूर्ण. ज्याला रात्री हमरस्त्यावर नियमित गाडी चालवायची आहे, त्याच्यासाठी ७० आणि १०० मधला फरक खरा आहे. ज्याची गाडी बहुतेक दिवसाच चालते, त्याला २२ वरून ७० वर येणे पुरेसे ठरते.

मूळ लॅम्प महाग असतो, पण काच, रिफ्लेक्टर आणि सील असे सगळे एकदम नवे मिळते. इतर उत्पादकांच्या लॅम्पमध्ये दर्जा फार खाली-वर असतो : कुठे बंपरशी फट राहते, कुठे पावसाचे पाणी आत जाते, कुठे डिपरच्या प्रकाशाची वरची कड स्पष्ट पडत नाही. असा लॅम्प घेताना काचेवरील प्रमाणनाची खूण पाहावी, आणि तो डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीसाठी आहे की उजव्या, हेही तपासावे. उलटा लॅम्प समोरच्याच्या डोळ्यांवर प्रकाश टाकतो. अनेक गाड्यांत लॅम्प काढण्यासाठी बंपर खोलावा लागतो, ती मजुरी हिशोबात धरावी. भंगारातला वापरलेला लॅम्प सहसा आपल्याच गाडीच्या वयाचा असतो. रिफ्लेक्टर चांगला असेल तरच तो घ्यावा, आणि तोही घासावा लागेल हे गृहीत धरावे.

कधी कधी काच ठीक असते आणि तरीही उजेड मंद असतो. तेव्हा इंजिन चालू ठेवून, दिवा लावून, बल्बच्या कनेक्टरवरचे व्होल्टेज मोजावे. जुन्या वायरिंगमुळे किंवा गंजलेल्या अर्थिंगमुळे व्होल्टेज १० टक्क्यांनी जरी घटले, तरी हॅलोजनचा प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो. नवा लॅम्प बसवूनही हा दोष तसाच राहतो. जास्त वॅटचा बल्ब हा यावरचा उपाय नाही, कारण त्याच्या उष्णतेने रिफ्लेक्टर जळतो. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घातला, तर प्रकाशबिंदू मूळ तारेच्या जागी बसत नाही आणि उजेड रस्त्यावर पडण्याऐवजी विखुरतो.

माझा स्वतःचा कल सांगायचा, तर रिफ्लेक्टर चकचकीत, सील शाबूत आणि पाण्याच्या परीक्षेत काच उजळणारी असेल, तर मी घासून पक्का क्लिअर कोट मारून घेईन. आत पाणी साचत असेल, भेग असेल किंवा रिफ्लेक्टर गेला असेल, तर घासण्यावर एक दिवसही न घालवता मूळ लॅम्प घेईन, मग त्यासाठी थोडे थांबावे लागले तरी चालेल. लॅम्प बदलायचा ठरला, तर जुना काढण्यापूर्वी सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करून डिपरची वरची कड टेपने खुणावून ठेवावी. नवा बसवल्यावर ती कड त्या खुणेशी ताडून पाहावी आणि लॅम्पवर छापलेल्या उताराच्या टक्क्यांनुसार फोकस सेट करावा. १ टक्का छापलेला असेल, तर १० मीटरवर ती कड लॅम्पच्या मध्यापेक्षा १० सेंटीमीटर खाली पडायला हवी.