गोदामासाठी बारकोड की आरएफआयडी?

बारकोड वाचायचा तर प्रत्येक खोक्यावरची पट्टी स्कॅनरसमोर धरावी लागते. आरएफआयडी म्हणजे रेडिओलहरींनी वस्तू ओळखण्याचे तंत्र. त्यातला बॅटरीविरहित टॅग (मालावर लावायची चिपची पट्टी) मात्र रीडरच्या, म्हणजे टॅग वाचणाऱ्या यंत्राच्या, रेडिओलहरींतूनच ऊर्जा घेतो आणि बंद पुठ्ठ्याच्या खोक्यातूनही आपला क्रमांक कळवतो. महामार्गावरील फास्टॅगही याच तत्त्वावर चालतो. शिवाय दुकानी मालावरचा नेहमीचा बारकोड केवळ मालाचा प्रकार सांगतो, तर टॅगमधील बहुधा ९६ बिटांचा क्रमांक एकेका नगाची ओळख पटवतो.

खरी कसोटी लागते ती संगणकप्रणालीशी जोडणी करताना. बारकोडचे एक स्कॅन म्हणजे एक नोंद, त्यामुळे ती थेट साठ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये घेता येते. आरएफआयडी रीडर मात्र दारापाशी ठेवलेला एकच टॅग सेकंदाला अनेकदा वाचतो, शेजारच्या रॅकवरचाही टिपतो. या गर्दीतून ‘हा नग आत आला’ एवढीच घटना गाळून पुढे पाठवणारे मधले सॉफ्टवेअर नसेल, तर साठ्याचे आकडे बिघडलेच म्हणून समजावे.

तेलाचे पत्र्याचे डबे किंवा पाण्याच्या बाटल्या असतील, तर धातू लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषते. तिथे माझ्या मते बारकोडच बरा. तयार कपड्यांच्या व्यवसायात, जिथे एकाच शर्टाची अनेक मापे आणि रंग वारंवार मोजावे लागतात, तिथे आरएफआयडीवरील खर्च सार्थकी लागतो.